तुम्ही विचारलंत म्हणून: बॅरी सँडर्स का सोडून गेला?

मी डेट्रॉइटजवळ राहतो म्हटल्यावर आधी गाड्यांच्या कंपन्यांचा विषय निघतो, आणि समोरच्याला एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगची, थोडी जरी माहिती असली की पुढचा प्रश्न ठरलेला: आमच्या डेट्रॉइट लायन्स संघाचा रनिंग बॅक बॅरी सँडर्सने रेकॉर्ड हाताशी असताना खेळ सोडलाच का? दर पार्टीत तेच सांगून कंटाळलो, म्हणून आता लिहूनच टाकतो.

गेम माहीत नसेल त्यांच्यासाठी, रनिंग बॅक म्हणजे क्वार्टरबॅकने (संघाची चाल सुरू करणाऱ्याने) दिलेला बॉल पोटाशी धरून अकरा जणांच्या गर्दीत घुसणारा गडी. कबड्डीतला चढाईवाला समजा, फक्त याला परत यायचं नसतं, पुढेच जायचं असतं आणि अंगावर येणारे शंभर-सव्वाशे किलोचे. मार एवढा बसतो की बरेच जण तिशीच्या आतच आटोपतात.

बॅरीची उंची 5 फूट 8 इंच. 1989 ला लायन्समध्ये आला, दहा सीझन खेळला, दहाही सीझनला बॉल घेऊन पळत कमावलेलं अंतर हजार यार्डांच्या वर, आणि 1997 ला तर 2,053, तेही पहिल्या दोन मॅचमध्ये मिळून फक्त 53 झालेले असताना! जुने व्हिडिओ बघा. बॉल घेतो, समोर वाट बंद, मग हा चक्क थांबतो, आणि कमरेतून असा काही वळतो की धरायला आलेला भला माणूस हवेला मिठी मारून पडतो, तोवर हा दुसऱ्याच बाजूने पसार. कधीकधी हे अंगाशीही यायचं बरं का, मागच्या मागेच आडवा व्हायचा. 1994 च्या सीझनच्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) ग्रीन बेच्या संघासमोर 13 वेळा पळाला आणि एकूण हिशोब उणे 1 यार्ड.

तर जुलै 1999. सीझनआधीचा सरावाचा कॅम्प सुरू व्हायच्या तोंडावर, वय 31, तब्येत ठणठणीत, आणि याने आपल्या गावच्या, म्हणजे विचिटाच्या, पेपरला फॅक्स पाठवून रिटायरमेंट जाहीर केली आणि स्वतः लंडनला निघून गेला. अख्ख्या कारकिर्दीत पळून कमावलेल्या यार्डांचा वॉल्टर पेटनचा रेकॉर्ड 16,726 चा, हा 15,269 वर. एका सीझनचं काम होतं हो.

पण मला विचाराल तर उत्तर 1989 मध्येच मिळालेलं. पहिलंच वर्ष, सीझनची शेवटची मॅच, लीगमध्ये सगळ्यात जास्त यार्डांच्या शर्यतीत हा फक्त 10 ने मागे, कोच वेन फाँट्सने विचारलं जातोस का परत आत, तर नको म्हणाला, मॅच तर जिंकलेलीच होती. टचडाउन केल्यावरही (बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवल्यावरही) नाचबिच काही नाही, बॉल गुपचूप रेफरीच्या हातात. अशा माणसाला रेकॉर्डचं गाजर दाखवून काय होणार? त्याला जिंकायचं होतं, आणि दहा वर्षांत लायन्सनी प्लेऑफची एकच मॅच जिंकली, जानेवारी 1992 ला डॅलसविरुद्ध, 38-6. शेवटच्या सीझनला 16 पैकी 11 हरले. चांगले खेळाडू एकेक करून जाताना तो बघतच होता.

लोक भडकले, क्लबने बोनसचे पैसे परत मागितले आणि त्यातले काही मिलियन त्याला द्यावेही लागले. 2023 ला त्याच क्लबने आपल्या स्टेडियमपाशी, फोर्ड फील्डपाशी, त्याचा पुतळा उभारला. माझा शेजारी अजून म्हणतो, एक वर्ष तरी थांबायला हवं होतं. मला नाही वाटत, आणि यावरून सीझन सुरू झाला की आमचं वाजतंच.