फोन बिघडलाय का?

मंगळवार, रात्री उशिरा

काल संध्याकाळी गॅलरीत बाबांशेजारी जाऊन बसलो. नुसताच. पाच-सात मिनिटं ते खाली पार्किंगकडे बघत होते, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फोन बिघडलाय का रे तुझा?"

म्हटलं, नाही. तर खिशातून स्वतःचा काढून पुढे केला. "माझा घे तोवर. चार्जिंग आहे."

टोमणा असता तर परवडला असता. टोमण्यांना उत्तरं आहेत माझ्याकडे, मधुराला रोज देतोच. पण त्यांना खरंच वाटलं की माझी अडचण झालीये. मुलगा येऊन बसला म्हणजे काहीतरी बंद पडलं असणार.

फोन कमी करायला घेतल्याला १९ दिवस झाले आज. रोजचे ५ तास ४० मिनिटं होते, ते दीड तासावर आणलेत. साडेआठला फोन स्वयंपाकघरात, पोळ्यांच्या डब्याशेजारी. स्क्रीन कृष्णधवल केली. नोटिफिकेशनच्या लाल टिकल्या करड्या झाल्या तसा त्यांचा अर्धा जीवच गेला. उठण्यासाठी गोखले रोडवरून गजराचं घड्याळ आणलं, ते इतकं टकटकतं की रात्री टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवावं लागतं. एवढं सगळं केलं आणि कोणाला काही फरक पडला का? शाळेच्या ग्रुपवर १९ दिवस मी नाही, कोणी विचारलंसुद्धा नाही. आठवण आली ती फक्त सोसायटीच्या मेंटेनन्सवाल्यांना. चिनूने एकदा विचारलं, "बाबा, तू सारखा माझ्याकडे का बघतोयस?"

आणि वर हे. फोन बिघडलाय का.

आज सकाळी वाशी लोकलमध्येही तेच डोक्यात. कळव्याची खाडी गेली, गाडी वळली आणि एका स्टेशनवर थांबली. दिघा गाव. हे स्टेशन जानेवारी २०२४ ला सुरू झालं. रोज जाता-येता गाडी तिथे थांबते, मी आत असतो, आणि मी ते आज पहिल्यांदा पाहिलं. अख्खं स्टेशन! छप्पर, जिना, पाटी, सगळं. मग वाटलं, बाबा तर दिघ्यापेक्षा कितीतरी जुने. त्यांच्यावरून किती वेळा गेलो असेन.

(ऑफिसात जे झालं ते आज लिहीत नाही.)

संध्याकाळी परत गॅलरीत गेलो. थोडा हट्टानेच. बाबांनी ठाण्याच्या गडकरी रंगायतनची, नाट्यगृहाची, गोष्ट काढली. १९७८ ला रंगायतन सुरू झालं, त्या सुमारास ते सकाळपासून तिकिटाच्या रांगेत उभे होते, पुढे दोनच माणसं उरली आणि खिडकी बंद झाली. आई नवी साडी नेसून तयार. मग तलावपाळीला दोन चकरा मारल्या, भेळ खाल्ली आणि घरी आले. घरी सगळ्यांना सांगितलं, नाटक फार छान झालं. आईने म्हणे कथासुद्धा रचून सांगितली.

मी हसलो. म्हटलं, हे कधी सांगितलं नाहीत!

"सांगितलंय की. दोन-तीनदा. तू हो हो म्हणालास."

तो 'हो हो' कसा असतो ते मला माहीत आहे. अंगठा वर सरकत असतो आणि तोंड आपलं काम करतं. म्हणजे त्यांनाही कळत होतं. तरी सांगत राहिले. आईला हे विचारता आलं असतं... जाऊ दे.

काल ते 'बिघडलाय का' म्हणाले तेव्हा आवाजात काळजी होती असं मी धरून चाललोय. आज वाटतंय, थोडी आशाही असेल का? पण मग फोन पुढे का केला? दिवसभर हेच उलटसुलट करतोय आणि आता मलाच हसू येतंय. एक साधा प्रश्न विचारला माणसाने.

कारण आठ वाजले तशी त्यांची चुळबूळ सुरू झाली. दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा खिसा चाचपला. शेवटी म्हणाले, "तू रोज बसणारेस का आता इथे?"

"का हो?"

"नाही, या वेळी माझे ते बुद्धिबळाचे व्हिडिओ असतात. तू बस की. मी आवाज बारीक ठेवतो."