सिन्नर ते नागपूर, समृद्धीवरून: मधल्या किमतीचे टायर आणि मामाचे दोन पॉइंट

दुकानदार माझ्याशी बोलतच नव्हता. गाडी माझी, पैसे माझे, चालवणार मी. पण टायरची सगळी माहिती तो माझ्या धाकट्या भावाला देत होता. भावाला गाडीतलं कळतं ते एवढंच की गाणी ब्लूटूथवर लागतात. शेवटी मीच विचारलं, "तारीख कुठली आहे यांची?" तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं.

मे महिन्यात नागपूरला मावसभावाचं लग्न होतं. नाशिकहून आम्ही चौघं निघणार: मी, आई, भाऊ आणि मामा. डिकीत आहेराच्या साड्या, दोन पेट्या हापूस आणि मामाची ती प्रसिद्ध लोखंडी ट्रंक. सिन्नरजवळ समृद्धीवर चढलं की नागपूरपर्यंत साडेपाचशेच्या वर किलोमीटर सरळ काँक्रीट, तेही उन्हाळ्यात. माझे पुढचे दोन टायर गोटा झाले होते. मागच्या दोघांत जीव होता, म्हणून दोनच घ्यायचे ठरवले. माप १८५/६५ आर १५.

या मापात स्वस्त, मधले आणि महाग असे तीन थर सरळ दिसतात. अगदी स्वस्तात जाऊ नये एवढं मला कळत होतं, आणि महागड्याचे पैसे द्यायचे नव्हते. मधल्या थरात मला साडेपाच हजाराच्या आसपास एक टायर पडला. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा जुन्या बिलाशी तुलना करून भांडू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, त्यामुळे आधीचे भाव आता धरायचे नाहीत.

मधल्या किमतीतही दोन जाती असतात आणि दुकानदार ते आपणहून सांगत नाही. एक असतो कडक रबराचा, जास्त किलोमीटर चालणारा. टॅक्सीवाले हाच घेतात. दुसरा जरा मऊ. ओल्या रस्त्यावर धरून राहतो, आवाज कमी करतो, पण लवकर झिजतो. "चांगला टायर द्या" म्हटलं की बहुतेक ठिकाणी पहिला पुढे येतो, कारण गिऱ्हाईक "किती चालेल?" एवढंच विचारतं. मी दुसरा घेतला. वर्षाला आठ-नऊ हजार किलोमीटर चालवणाऱ्या माणसाचा टायर झिजून जाण्याआधी म्हातारा होऊन जातो, मग लाखभर किलोमीटरचं काय करायचं?

तारखेचं म्हणाल तर टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. कधी ही पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते, ती आतल्या बाजूला गेली तर बसवल्यावर दिसत नाही, म्हणून बसवण्याआधी बघायची. माझ्यासमोर आणलेल्या दोनांपैकी एक चार महिन्यांचा होता, दुसरा चौदा महिन्यांचा. "काही फरक पडत नाही ताई." मग मला दोन्ही चार महिन्यांचेच द्या, फरक पडत नाही तर. आतून निघाला एक. आयएसआयचा शिक्काही तेव्हाच पाहून घ्या.

बाजूवर ८८एच असंही लिहिलेलं होतं. ८८ म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ५६० किलो पेलतो, एच म्हणजे ताशी २१० पर्यंतची मर्यादा. टी असेल तर १९०. समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे, तेव्हा वेगाचं अक्षर बघून घाबरायचं कारण नाही. पण हे आकडे टायरमध्ये पुरेशी हवा आहे असं गृहीत धरून असतात. आणि इथेच मामा येतो.

सकाळी साडेसहाला (ठरली होती पाचची वेळ) मी हवेचा मीटर घेऊन चाकापाशी बसले. गाडी रात्रभर उभी, टायर थंड, हीच मोजायची वेळ. माझ्या गाडीच्या दाराच्या चौकटीवरची पाटी सांगते, चारही चाकांना ३३ पॉइंट, म्हणजे पीएसआय, आणि गाडी भरलेली असेल तर मागे ३६. मामा चहाचा कप घेऊन मागे उभा.

"अगं, उन्हाळा आहे. दोन पॉइंट कमी ठेव. रस्ता तापला की हवा फुगते, टायर फुटतो."

"मामा, उलटं आहे ते."

"चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी."

मामाच्या चाळीस वर्षांपैकी निम्मी ॲम्बॅसेडरमध्ये गेली, पण ते बोलायची सोय नव्हती. खरं काय होतं ते सांगते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. तार वाकवत राहिलं की ती गरम होते ना, तसंच. शंभरच्या वेगाने हे वाकणं सेकंदाला चौदा-पंधरा वेळा होतं. त्या उष्णतेनेच आतले थर सुटतात आणि टायर जातो. तापून वाढणारी हवा कंपनीने धरलेलीच असते. मी मागे ३६ भरली. मामा "हं" म्हणाला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला.

समृद्धीवर पहिल्या शंभर किलोमीटरांत नव्या टायरचा स्वभाव कळला. नव्वदपर्यंत काही नाही. त्यापुढे एक गुंजारव सुरू झाला, काँक्रीटवरच्या आडव्या खाचांमुळे तो डांबरापेक्षा जास्त जाणवतो. आईने विचारलं, "पंखा लावलाय का?" महागड्या टायरांत हा कमी असतो हे खरं, पण तेवढ्यासाठी मी दुप्पट पैसे देणार नाही. ब्रेक सरळ लागत होता, स्टिअरिंग थरथरत नव्हतं. थरथरत असेल तर टायरला शिव्या देण्याआधी बॅलन्सिंग बघा.

संभाजीनगर मागे पडताना भावाने मोबाईलवर वाचून माहिती पुरवली: गुडइयरचा कारखाना इथे वाळूजला, ब्रिजस्टोनचा चाकणला, आणि सिएटचा तर आपल्या नाशकात. आई म्हणाली, "मग आपल्याला घरच्या भावात का नाही देत?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

जालन्यापुढे ऊन वाढलं. मेहकरच्या आसपास एका पंपावर थांबलो. (जेवणाची सोय अजूनही बेताचीच. डबा घेऊनच निघा. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा.) तिथे हवेच्या मशीनपाशी एक पोरगा होता, उत्साही. मी म्हटलं, फक्त बघ. त्याने पुढच्या डाव्या चाकाला नळी लावली.

"मॅडम, अडतीस! खूप झाली. काढतो."

आणि त्याचा अंगठा व्हॉल्व्हवर गेलासुद्धा. फुस्स झालं. मी त्याचा हात धरला. मामा गाडीतून उतरून आला, आता त्याला साक्षीदार मिळाला होता.

ही जागा नीट लक्षात ठेवा, कारण तुमच्या बाबतीतही हेच होणार आहे. ३३ भरलेली हवा तीन तास पळाल्यावर ३८ दाखवणारच. त्यात चूक काही नाही. तिथे ती ३३ वर आणली, तर संध्याकाळी टायर थंड झाल्यावर २८-२९ वर येईल आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कमी हवेवर निघाल. गरम टायरची हवा काढायची नाही, बस. चारही चाकांत गरमपणी साधारण सारखीच वाढ असली की झालं. एकच चाक वेगळं बोलत असेल तर शोध घ्यायचा.

आणि आमचं एक चाक वेगळं बोललं. उजवं मागचं, ३६ भरलेलं, गरम असूनही ३४. बाकी वाढलेत, हे घटलंय. वाकून पाहिलं तर खिळा. चपटा, गंजलेला, नक्षीच्या मधोमध अगदी आरामात बसलेला. ट्यूबलेस असल्यामुळे हवा सकाळपासून हळूहळू निघत होती. मीटरने पाहिलं नसतं तर पुढच्या शंभर किलोमीटरांत काय झालं असतं कोण जाणे.

पंक्चरवाला तिथे नव्हता. स्टेपनी काढायची म्हणजे डिकी रिकामी करायची. साड्यांच्या पिशव्या आईच्या मांडीवर, हापूसच्या पेट्या सावलीत, मामाची ट्रंक दोघांनी उचलून खाली. तळाशी स्टेपनी, आणि तिच्यात हवा चौदा. चौदा! मी दर महिन्याला चार चाकं तपासते आणि पाचवं कधीच नाही. बरं, मशीन समोर होतं म्हणून ती भरता आली. माझी स्टेपनी चौदा इंची लोखंडी रिमवर आहे, तिच्यावर ८० च्या वर जायचं नाही असं पिवळ्या स्टिकरवर लिहिलेलं. पुढच्या एक्झिटला उतरून गावात पंक्चर काढेपर्यंत ८० वर गेलो, डाव्या लेनने, ट्रकांच्या रांगेत.

पंक्चरच्या दुकानात एक टॅक्सीवाले काका बसले होते, संभाजीनगर-नागपूर फेऱ्या मारणारे. त्यांचा अनुभव ऐकण्यासारखा होता. ते मधल्या किमतीचेच, कडक जातीचे टायर वापरतात, दर दहा हजार किलोमीटरला चाकांची पुढे-मागे अदलाबदल करतात आणि सत्तर हजारांपर्यंत नेतात. "पण पावसाळ्याच्या तोंडाला नक्षी उरली नसेल तर मी राहिलेले किलोमीटर सोडून देतो," ते म्हणाले. नायट्रोजनबद्दल विचारलं तर हसले. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. फुकट मिळाला तर घ्या, पण रस्त्यात साधी हवा भरायची वेळ आली तर बिनधास्त भरा. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या, ते दिवस त्यांना आठवत होते. "तेच रोज करायला पाहिजे," म्हणाले.

गुळगुळीत म्हणजे किती, तर खाचेची खोली १.६ मिलिमीटर. मोजपट्टी लागत नाही. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, बाजूवर टीडब्ल्यूआय लिहिलेलं किंवा त्रिकोण असतो त्या रेषेत. नक्षी त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. माझ्या मते पावसाळ्यासाठी तीन मिलिमीटरलाच संपला समजावं.

हे मत मला परतीच्या वाटेवर मिळालं. लग्न झालं, सावजी जेवण झालं, तिसऱ्या दिवशी परत निघालो. जालन्याच्या अलीकडे दुपारी चारला आभाळ काळं झालं आणि वळीव कोसळला. पहिला पाऊस, रस्त्यावर महिनोन्‌महिन्यांची धूळ आणि तेल. मी वेग १०० वरून ८० च्या खाली आणला होता. समोरच्या कंटेनरच्या मागून बाजूच्या लेनमध्ये जायला स्टिअरिंग किंचित वळवलं आणि गाडीचा मागचा भाग सरकला. फार नाही, हातभर. पण पाठीच्या कण्यातून जे गेलं ते अजून आठवतं. ब्रेक दाबला नाही, ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग धरून ठेवलं, गाडी सावरली. मागे आई जप करत होती, तो जरा मोठ्याने सुरू झाला.

कारण साधं होतं. दुकानदाराने नवे टायर पुढे बसवले होते, आणि मीही काही बोलले नव्हते. इंजिन पुढे, ओढणारी चाकं पुढे, मग नवे टायर पुढे, असं सगळ्यांनाच वाटतं. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं सरकली तर गाडी सरळ जाऊ बघते, वेग कमी केला की पुन्हा ऐकते. मागची सरकली तर गाडी फिरते, आणि फिरणारी गाडी आपल्यासारख्यांना आवरत नाही. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे. कारखाने हेच सांगतात, दुकानं उलटं करतात.

टायर फुटलाच तरी तेच: ब्रेकवर उभं राहू नका, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या, मग कडेला घ्या. उतरल्यावर गाडीपाशी उभं राहायचं नाही, रेलिंगच्या पलीकडे जायचं. आमच्या पुढच्या एका गाडीतले लोक भर पावसात लेनच्या कडेला सेल्फी काढत होते, त्यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही.

नाशिकला आल्यावर चौथ्या दिवशी त्याच दुकानात गेले. म्हटलं, पुढचे मागे टाका, मागचे पुढे. तो म्हणाला, असं कोणी करत नाही. मी म्हटलं, करा. चाकं खोलल्यावर मागच्या जुन्या टायरांची तारीख पाहिली: दोन्ही सहा वर्षांचे, बाजूला बारीक भेगा, केसासारख्या. पाऊस सुरू व्हायच्या आत तेही बदलायचे ठरवले. त्याने लगेच दर सांगायला सुरुवात केली, माझ्या भावाकडे बघून. या खेपेला मामाही सोबत होता.

"तिला सांगा," मामा म्हणाला. "आणि तारीख दाखवा आधी."