बारा दारांची पेटी

भाऊबीज झाली की खोकेवाल्याच्या हाताला काम उरत नाही. राखीपासून मिठाईवाल्यांची घाई सुरू होते. मग गणपती, नवरात्र, दिवाळी, आणि लक्ष्मीपूजनापर्यंत आमच्या इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्यानंतर लग्नाचे थोडे खोके सोडले तर संक्रांतीपर्यंत मशीन अर्धा दिवस उभं असतं. कारागिरांचे पगार मात्र बारा महिन्यांचे. या रिकाम्या दिवसांत गेली काही वर्षं आम्ही रोज एक दार उघडायच्या पेट्या करतो, त्याबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात बाबांची. १९९२ साल. इंदूरच्या कापडगिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडत होते आणि बाबा गिरणीच्या स्टोअरमध्ये नोकरीला होते. नोकरी गेल्यावर मल्हारगंजातल्या दोन खोल्यांत त्यांनी पेढ्यांचे खोके हातानं करायला सुरुवात केली. आई मैद्याची खळ शिजवायची आणि कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची. आत्या शाळेतून आली की घड्या घालायला बसायची. पाव किलो, अर्धा किलो, किलो, एवढीच तीन मापं. बाबा सायकलच्या कॅरिअरला खोक्यांची चवड बांधून राजवाड्याच्या आसपासच्या दुकानांत पोचवायचे. २००४ मध्ये पुठ्ठा कापायचं जुनं पंचिंग मशीन घेऊन आम्ही शेडमध्ये आलो, २०११ मध्ये मी कामात उतरले. मधल्या वर्षांत सांगण्यासारखं फार नाही. नमकीनचे खोके, साड्यांचे खोके, उधारी, वसुली.

२०२१ च्या सप्टेंबरमध्ये नाशिकहून फोन आला. मावसबहिणीच्या ओळखीतलं एक जोडपं, स्वतःचा नऊ एकर द्राक्षमळा, छोटी वायनरी. बोलणाऱ्या ताई म्हणाल्या, "आम्ही वाइन कॅनमध्ये भरून घेतो. नाताळ आणि एकतीस डिसेंबरसाठी बारा कॅनची पेटी करायची आहे. बारा दारं, रोज एक उघडायचं. मोठ्या कारखान्यांत विचारलं तर पाच हजारांच्या खाली कोणी बोलत नाही. आम्हाला तीनशे हव्यात."

तीनशे म्हटल्यावर माझे कान टवकारले. आमचं सगळं आयुष्य तीनशे-पाचशेच्या ऑर्डरींवरच गेलं आहे.

नाताळाची अशी उलटी मोजणी जर्मनीतली. तिथली कुटुंबं एकोणिसाव्या शतकात दारावर खडूनं चोवीस रेघा ओढत आणि रोज एक पुसत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या गेरहार्ड लांग या मुद्रकानं त्याची छापील दिनदर्शिका काढली, पुढे तिला उघडणारी दारं आली आणि दारांमागे चॉकलेट. आता चहा, मसाले, वाइन, काहीही असतं. नाशिकच्या ताईंनी चोवीसाऐवजी बारा धरले, वीस डिसेंबर ते एकतीस. आईला हे समजावताना मी खडूच्या रेघांपासून सुरुवात केली होती, पण तिनं मध्येच थांबवलं. "नवरात्रात रोज एक माळ चढते, तसंच ना?" त्यानंतर मी सगळ्यांना तसंच सांगते.

आईला मोजणी पटली, माल पटला नाही. आपल्या खोक्यांतून आजवर पेढे आणि मोदक गेले, आता दारू जाणार, हे तिला जड गेलं. तिच्याशी वाद घालावा असं मला वाटलं नाही, कारण तिचं म्हणणं मला कळत होतं. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आणि आजही पाळतो. वाइनच्या पेट्यांचं टेबल वेगळं, गणपतीच्या मोदकांचे खोके ज्या टेबलावर चिकटतात त्यावर हे काम येत नाही. दुसरं, भरलेला माल आम्ही हाताळत नाही. आमच्याकडून कोरी पेटी जाते, वाइन नाशिकला भरली जाते, परवाना आणि विक्री त्यांची. पेटीवर मद्यपान आरोग्याला हानिकारक असल्याची आणि पिऊन गाडी न चालवण्याची सूचना छापलेली असते, ती ठसठशीत दिसेल अशाच जागी आम्ही घेतो. कडेच्या घडीत ती लपवून मागणारा ग्राहक आला तर त्याचं काम मी घेत नाही.

आता खुद्द पेटी. अडीचशे मिलिलिटरचा सडपातळ कॅन ५३ मिलिमीटर जाड आणि साधारण १३४ मिलिमीटर उंच असतो. भरलेला कॅन पाव किलोच्या थोडा वर, म्हणजे बारा कॅनचे तीन किलोच्या थोडे वर. पेढ्यांच्या खोक्याला एवढ्या वजनाची सवय नाही. आम्ही बाहेर ई-फ्लूटचा, म्हणजे बारीक लाटांचा कोरुगेटेड पुठ्ठा घेतला, वर छापलेला ड्युप्लेक्स, म्हणजे गुळगुळीत पातळ पुठ्ठा, चिकटवला आणि आत खाचांनी एकमेकांत अडकणारी पार्टिशनं. चार गुणिले तीन घरं. कॅन आडवे, गोल बूड दाराकडे.

नमुन्यासाठी कॅन पाठवा म्हटलं तर ताई म्हणाल्या, वाइन अशी पार्सलनं राज्याबाहेर पाठवता येत नाही. त्यांनी पाणी भरून सील केलेले कॅन पाठवले. आमच्या शेडमध्ये आठवडाभर पाण्याचे कॅन पेटीत घालणं, काढणं, पेटी कमरेच्या उंचीवरून पाडणं, पुन्हा घालणं, हेच चाललं होतं. पहिल्या डायमध्ये, म्हणजे पुठ्ठा कापायच्या साच्यात, घर ५४ चं धरलं होतं. डायवाले काका म्हणाले, "एक मिलिमीटरनं काय होणार, पुठ्ठा दमट हवेत फुगतो." तसंच झालं. सप्टेंबरच्या पावसात कॅन घरात असा रुतून बसला की बोटानं निघेना. घर ५६ वर नेलं तेव्हा तो अलगद सरकायला लागला.

पहिल्या चाळीस पेट्या ट्रान्सपोर्टनं गेल्या. आग्रा-मुंबई रस्त्यानं सेंधवा, बिजासनचा घाट, धुळे, मालेगाव, नाशिक. जाताना चपट्या घडीत होत्या, त्यामुळे व्यवस्थित पोचल्या. ताईंनी त्या उभ्या करून कॅन भरले आणि चाचणी म्हणून दहा पेट्या गाडीत टाकून पुण्याला नेऊन परत आणल्या. संध्याकाळी फोटो आला. दहातल्या सात पेट्यांची दारं आपोआप उघडली होती. पेटी उभी ठेवली की कॅन पुढे सरकतो आणि प्रत्येक धक्क्याला आतून दारावर बूड आपटतो. दाराच्या कडेची टोचणी, म्हणजे तुटक कापाची रेघ, आम्ही सहज फाटावी म्हणून खोल ठेवली होती, तिनं रस्त्यातच जीव सोडला. शिवाय तीन कॅनना पोचे आले होते.

पोच्याचं मला फार वाटलं नव्हतं. थोडा चेपला, आतली वाइन तर सुरक्षित आहे ना! तेव्हा ताईंनी जे समजावलं, त्यानंतर मी कॅनकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. वाइन टिकावी म्हणून तिच्यात थोडा सल्फर डायऑक्साइड असतो. तो ॲल्युमिनियमला भिडला तर त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. तो होऊ नये म्हणून कॅनच्या आत अगदी पातळ अस्तर असतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात यावर बराच अभ्यास झालेला आहे. पोचा आला की अस्तराला चीर जाऊ शकते, आणि वाइन आतल्या आत बिघडायला लागते. बाहेरून काहीच कळत नाही. सात दिवसांनी कोणीतरी हौसेनं आठवं दार उघडतं आणि नाक मुरडतं. नाव जातं ते त्या छोट्या मळ्याचं, खोकेवाल्याला कोणी विचारत नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. वर्षभर वेलीच्या छाटण्या, जानेवारी ते मार्चची तोडणी, दुसऱ्याच्या भरण्याच्या लाइनवर तारीख मिळेपर्यंतची वाट, कॅनमध्ये हवा राहू नये म्हणून द्रव नायट्रोजनचा थेंब, एवढं सगळं करून शेवटच्या चारशे किलोमीटरमध्ये माझ्या पुठ्ठ्यामुळे माल वाया जायचा.

उपाय काकांनीच काढला. दारामागे पातळ क्राफ्ट कागदाचा दुसरा पडदा, सगळ्या घरांवरून एकसंध ताणलेला. कॅन पुढे सरकला तरी पडद्यावर टेकतो, दाराला शिवत नाही. दार उघडलं की अंगठ्यानं पडदा दाबायचा, टर्र असा आवाज होऊन तो फाटतो आणि कॅन हातात येतो. टोचणीचं माप बदललं, तीन मिलिमीटर कापलेलं, दीड मिलिमीटर न कापलेलं. पार्टिशनच्या मागच्या कडेला छोटी घडी दिली, तीवर कॅनचा मागचा काठ बसतो. पेटीमागे खर्च चौदा रुपयांनी वाढला. तो पहिल्या वर्षी आम्ही सोसला.

तीनशे पेट्या बारा डिसेंबरला नाशिकला पोचल्या आणि मी स्वतः नवऱ्याला घेऊन पाठोपाठ गेले, कारण भरताना मला समोर असायचं होतं. काम आटोपल्यावर ताईंनी वायनरीच्या चाखण्याच्या खोलीत बसवलं. वाइन मी त्याआधी एखाद्या लग्नात ओठाला लावली असेल, तेवढीच. त्यांनी कॅन थेट तोंडाला लावू दिला नाही, पेल्यात ओतला. म्हणाल्या, वास पेल्यात कळतो, कॅनच्या भोकातून कळत नाही. पहिली चेनिन ब्लांक ही पांढरी वाइन, थंडगार. ॲल्युमिनियम पटकन गार होतं, त्यामुळे बर्फाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवलं तरी पुरतं. मी पिशवीतून लौंग शेव आणि जिरावणाची, म्हणजे आमच्याकडच्या चटपटीत मसाल्याची, पुडी काढली. इंदूरचा माणूस कुठेही जाताना जिरावण नेतोच. शेवेचा लवंगेचा तिखटपणा आणि त्या वाइनचा आंबट-गोड, पेरूच्या फोडीसारखा स्वाद एकमेकांत असे मिसळले की ताईंनी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, डिसेंबरात मिळणारा तळलेला गराडू हा कंद, वर जिरावण आणि लिंबू, यासोबत ती कशी लागेल, हा विचार तेव्हापासून डोक्यात आहे. शिराझही त्यांनी थोडी गार करून दिली. मला वाटायचं, लाल वाइन गार करत नाहीत. कॅनमधली ही हलकी शिराझ गारच छान लागली.

तिथे बसून मला पेटीचं खरं प्रयोजन कळलं. साडेसातशे मिलिलिटरची बाटली फोडायची तर घरात चार माणसं तरी हवीत, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिची चव उतरते. कॅन तिचा एक तृतीयांश. दोघांत एकेक छोटा पेला, आणि संपलं. नऊ एकरवाल्या माणसाच्या अनोळखी वाइनवर अख्ख्या बाटलीचे पैसे घालायला लोक कचरतात, एका कॅनला कचरत नाहीत. ताईंच्या पेटीत सहा प्रकार होते, प्रत्येक दोनदा. पहिल्या सहा दिवसांत ओळख होते, पुढच्या सहा दिवसांत तीच वाइन पुन्हा समोर येते आणि माणूस म्हणतो, अरे, ही तर ती! कुठली दारं शेजारी ठेवायची यावर आम्ही दीड तास घालवला. फसफसणारी स्पार्कलिंग वाइन एकतिसाव्या तारखेच्या दारामागे, यावर मात्र वाद झाला नाही.

दुसऱ्या वर्षी पाचशे पेट्या गेल्या. मग त्यांच्या ओळखीतून आणखी दोन छोटे वाइनवाले आले, एक मधवाले, एक कॉफी भाजणारे. गेल्या डिसेंबरात आमच्याकडून दारांच्या दोन हजारांवर पेट्या बाहेर पडल्या. आमच्यासारख्या कारखान्याला हा आकडा मोठा आहे. त्यातून पंचिंगवरच्या दोन मुलींना वर्षभराचं काम मिळालं, नाहीतर दिवाळीनंतर त्यांना तीन महिने घरी बसायला लागायचं. मशीन डिसेंबरात उभं राहत नाही, हे बाबांना फोटो दाखवून सांगितलं तर ते फोटो मोठा करून शिलाईची रेघ बघत बसले.

आईनं स्वतःची पेटी मागून घेतली आहे. नमुन्यातली एक, बिनछापाची. तिच्यात ती तिळाच्या वड्या, आवळकाठी, बडीशेप असं भरते आणि नातवंडांना वीस तारखेपासून रोज संध्याकाळी एक दार उघडू देते. धाकटा पहिल्याच दिवशी सगळी दारं वाजवून बघतो. पडदा एकदाही आधी फाटला नाही, हे मी दरवर्षी तपासते.

मागच्या जानेवारीत एका ग्राहकाचं पत्र ताईंकडे आलं होतं, ते त्यांनी मला पाठवलं. वय त्र्याहत्तर, पत्नीसोबत रोज एक दार उघडलं, वाइन आवडली. पण संधिवातामुळे दाराच्या खाचेत अंगठा शिरत नव्हता, दरवेळी लोणी लावायच्या सुरीनं उघडावं लागलं. मी ते पत्र काकांच्या टेबलावर चिकटवलं आहे. या वर्षीची डाय मंगळवारी येईल. खाच चार मिलिमीटरनं रुंद केली आहे आणि तिची कड आता गोल आहे.