मारायचंच, तर काढता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रदर्शनात माझ्या जिवाणूचित्राच्या प्लेटसमोर उभा राहिलेला दर दुसरा माणूस हेच विचारतो: जिवाणूंनी एवढं चित्र काढायचं आणि आठवड्याभरात ऑटोक्लेव्हच्या वाफेत मारून टाकायचं, तर काढता कशाला?

आधी मी रांगोळीचं उदाहरण द्यायचे. तीही दुसऱ्या दिवशी पुसतोच की! लोक माना डोलवायचे, माझी सुटका व्हायची. आता देत नाही. रांगोळी जिवंत नसते.

मग फ्लेमिंग. पेनिसिलिनवाला फ्लेमिंगही रंगीत जिवाणूंची चित्रं काढायचा. पण त्याने काढली म्हणून मी का काढावीत?

खरं तर माझं घोडं एका जास्वंदीपाशी अडतं. विज्ञान दिनासाठी काढली होती. पाकळ्या सेराशिया या लाल रंगाच्या जिवाणूच्या, पिवळे पुंकेसर मायक्रोकॉकस या पिवळ्या जिवाणूचे. अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, रेघ ओढताना काही म्हणजे काही दिसत नाही, सगळं अंदाजाने. शनिवारी आठ प्लेट्स काढून घरी गेले. सोमवारी बघते तर आठही जास्वंदी पांढऱ्याफटक. लॅबमधल्या मामांनी ‘लवकर वाढतील’ म्हणून नेहमीच्या ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या होत्या. विद्यार्थ्यांदेखत मी त्यांना वाट्टेल ते बोलले. निवृत्तीला आलेला माणूस. “चुकलं मॅडम,” एवढंच म्हणाले.

३७ अंशांना सेराशिया वाढतो, पण लाल रंग धरत नाही. त्याला २५ ते ३० लागतं. हे मी दरवर्षी शिकवते. झाकणावर तशी चिठ्ठी चिकटवायची अक्कल मात्र मला नव्हती. वर रागाच्या भरात प्लेट्स ऑटोक्लेव्हला लावल्या. सातच. आठवी मामांनी ओट्यावर मागे ठेवली होती. नियमात बसत नाही, माहीत आहे. दोन दिवसांनी तेच बोलवायला आले, “मॅडम, लाजलंय बघा.” पाकळ्यांच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. गारव्याला आल्यावर रंग येतो, हेही मला सुचायला हवं होतं.

माफी मागितली मी त्यांची. एकटे असताना. विद्यार्थ्यांसमोर नाही.

मारण्याबद्दल मात्र ऐकून घेणार नाही. १९५० साली अमेरिकी नौदलाने हाच सेराशिया निरुपद्रवी समजून सॅन फ्रान्सिस्कोवर फवारला होता. आज तो रुग्णालयांतल्या संसर्गांत सापडतो. म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश, १५ मिनिटं. फूल कितीही देखणं असो.

प्रदर्शन संपल्यावर ती आठवी प्लेट घेऊन निघाले, तेव्हा मामांनी विचारलं, “मारायचंच?” मी त्यांना नौदलापासून सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, प्लेट एकदा उजेडाकडे धरली आणि आत ठेवली. त्यांना नौदलाबद्दल विचारायचं नव्हतं, एवढं मला तेव्हाही कळलं होतं.