बर्नली, सासूबाई आणि एक धोटा

सासूबाईंना मी तोंडावर नावानेच हाक मारते, इंग्लंडमध्ये तसंच चालतं, पण मराठीत लिहायला बसले की हात आपोआप सासूबाई असंच लिहितो, तर तसंच राहू दे. त्या आता ७६ वर्षांच्या आहेत. जन्म लँकेशायरमधल्या बर्नलीचा, लग्न होऊन लेस्टरला आल्या आणि मग तिकडे जाणं हळूहळू सुटलंच. गेल्या दिवाळीत आमच्याकडे राहायला आल्या होत्या, मी त्यांना आमच्याकडचे जुने फोटो दाखवत होते आणि सहज विचारलं की तुमच्याकडे काय काय आहे जुनं, तर म्हणाल्या, "आमचा कसला इतिहास, आम्ही गिरणीतली माणसं."

मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण अगदी हेच, ह्याच सुरात, माझी आजी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत बसून म्हणायची.

मग ठरवलंच की शोधायचं. हिवाळाभर रोज रात्री जेवणं उरकली की मी आणि नवरा लॅपटॉप घेऊन बसायचो. इथे जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १८३७ पासून आहे आणि जनगणनेत घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव, वय, धंदा १८४१ पासून सापडतो. जनगणनेचे कागद १०० वर्षं बंद ठेवतात, त्यामुळे १९२१ चे आत्ता कुठे २०२२ च्या जानेवारीत उघडले. त्यापुढे मात्र मोठा खड्डा आहे, १९३१ चे कागद १९४२ मध्ये आगीत जळून गेले आणि १९४१ ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही, मधे फक्त १९३९ चं एक रजिस्टर हाताशी लागतं. लँकेशायर बीएमडी म्हणून एक फुकट वेबसाइट आहे, तिथे लोकांनी स्वतःचा वेळ घालून स्थानिक नोंदी उतरवून ठेवल्यात, त्या अनोळखी माणसांचे माझ्यावर फार उपकार आहेत. आम्ही एक दाखला चुकीचा मागवला, कारण एकाच नावाआडनावाच्या दोन मुली एकाच गावात एकाच तिमाहीत जन्मल्या होत्या आणि तीन आठवडे आम्ही भलत्याच बाईला पणजी समजून बसलो होतो.

खरी पणजी सापडली ती १९११ च्या कागदात. हा कागद वेगळा आहे. आधीच्या वर्षांचे कागद म्हणजे जनगणनेच्या माणसाने वहीत उतरवून घेतलेले, पण १९११ चा म्हणजे घरातल्याच माणसाने स्वतःच्या हाताने भरलेला फॉर्म. सासूबाईंचे पणजोबा कोळशाच्या खाणीत होते, त्यांचं अक्षर मोठं, गोल, एकेक अक्षर दाबून काढलेलं. बायकोच्या नावापुढे वय ४१, काम सुती विणकर. मोठ्या दोघी मुली, १७ आणि १५ वर्षांच्या, दोघीही विणकर, त्यातली १५ ची म्हणजे सासूबाईंची आजी. खालचा मुलगा १२ चा, रीचर-इन, अर्धवेळ. रीचर-इन म्हणजे माग लावताना ताण्याचा एकेक धागा पलीकडच्याच्या हातात देणारा पोरगा. तेव्हा कायद्याने १२ व्या वर्षापासून अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा असं चालायचं. सकाळी गिरणीत राबून आलेली पोरं दुपारी बाकावरच झोपून जायची. ही पद्धत १९१८ च्या शिक्षण कायद्याने मोडली आणि प्रत्यक्षात बंद व्हायला १९२१ उजाडलं.

आणि त्याच कागदावर एक रकाना फक्त लग्न झालेल्या बायकांसाठी आहे. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली, किती जिवंत आहेत, किती गेली. मुलांपुढे लिहिलंय ९, ६, ३. तीनचा आकडा दोनदा गिरवलाय. सासूबाई स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन तो आकडा बघत बसल्या आणि मग म्हणाल्या की ह्या तिघांबद्दल मला कुणी कधीच बोललं नाही.

त्यानंतर जूनमध्ये आम्ही तिघं बर्नलीला गेलो.

मँचेस्टरहून विच वे नावाची बस जाते, पेंडल डोंगराजवळच्या ज्या बायकांवर १६१२ मध्ये चेटकिणी म्हणून खटला चालला त्यांच्यावरून ते नाव पडलंय. रॉटनस्टॉल सोडलं की चढ लागतो, मग उघडी माळरानं, मेंढ्या, दगडी कुंपणं आणि मग एकदम खाली खोलगट वाटीत बसवल्यासारखं गाव, पाठीमागे पेंडल. बारीक पाऊस होता. सासूबाई म्हणाल्या, हा पाऊस आहे म्हणून तर कापड इथे आलं. हवा ओली असली की सूत तुटत नाही, आणि ती ओलही पुरेना म्हणून विणाईच्या शेडमध्ये मालक वरून वाफ सोडायचे, आतली माणसं खोकत राहायची. शिवाय कोळसा इथलाच आणि माल न्यायला लीड्स-लिव्हरपूल कालवा, १२७ मैल लांब, १८१६ मध्ये पूर्ण झालेला. एका काळी ह्या एवढ्याशा गावात जवळपास १ लाख माग चालत होते. कालव्याच्या काठाला ज्याला आता वीव्हर्स ट्रँगल म्हणतात त्या भागातून आम्ही चालत गेलो, काळवंडलेल्या दगडाच्या उंच उंच भिंती आणि मधेच एखादी चिमणी, तिच्यावर झाड उगवलेलं.

पहिले दोन तास लायब्ररीत गेले, त्याबद्दल फार लिहीत नाही. एवढंच की सासूबाईंच्या आजीचा मोठा भाऊ, जो १९११ च्या कागदावर नव्हता कारण तो वेगळा राहत होता, तो तिथल्या पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या यादीत सापडला. अ‍ॅक्रिंग्टन पाल्स म्हणून जी पलटण होती तिची एक कंपनी बर्नलीच्या पोरांची होती. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत सेर गावासमोर साधारण ७२० जण पुढे गेले आणि अर्ध्या तासात ५८४ जण मेले, जखमी झाले किंवा सापडलेच नाहीत. एका गल्लीतले, एका गिरणीतले मित्र एकत्र भरती झालेले, त्यामुळे वाईट बातमी आली ती दर दुसऱ्या दाराला. सासूबाई यादीवर बोट ठेवून उभ्या होत्या. नवऱ्याने हळूच त्यांचा दुसरा हात धरला.

१९११ च्या कागदावरचा पत्ता अजून आहे. गल्ली तशीच, दगडी घरं भिंतीला भिंत लावून ओळीने, वर दोन खोल्या खाली दोन खोल्या, मागे एवढंसं अंगण. दाराच्या पायरीचा दगड मधोमध झिजून खोलगट झालाय. लाकडी तळाला लोखंडी पट्ट्या ठोकलेले क्लॉग घालून ही माणसं पहाटे गिरणीला निघायची तेव्हा रस्ताभर त्याचाच आवाज असायचा, त्याआधी नॉकर-अप लांब काठीने वरच्या खिडक्या वाजवत जायचा. आमच्याकडे भोंगा होता, इथे काठी.

आम्ही बाहेरूनच फोटो काढत होतो तर दार उघडलं आणि एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, पांढरी दाढी, सलवार कमीज, वर स्वेटर. काय हवंय विचारलं. सासूबाईंनी सांगितलं की माझी आजी इथे राहायची, १९११ ला. ते ऐकून ते दोन पावलं बाजूला झाले आणि म्हणाले या ना आत. मग माझ्याकडे बघून हिंदीत विचारलं, बेटी, कहाँ की हो? मुंबई म्हटल्यावर चेहरा उजळला. चाचा पाकिस्तानी पंजाबातले. १९६० च्या दशकात आले ते थेट सूतगिरणीत रातपाळीला, कारण ती पाळी इथल्या लोकांना नको असायची. चौदा वर्षं केली रातपाळी. स्वयंपाकघरात बसून चहा दिला आणि सासूबाईंना हातानेच दाखवायला लागले की तुटलेलं सूत दोन बोटांत धरून कसं पिळून जोडायचं, आणि सासूबाई म्हणाल्या अहो माझी आई अगदी असंच करायची, आणि त्यांनीही दोन बोटं तशीच फिरवली. ऐंशीच्या घरातला तो माणूस आणि पंचाहत्तरी ओलांडलेली ही बाई, दोघं टेबलाच्या दोन बाजूंनी हवेत सूत जोडत होते. मला फोटो काढायचं भानच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी हार्ल साइकला क्वीन स्ट्रीट मिलमध्ये. ही १८९४ ची गिरणी, वाफेच्या इंजिनावर चालणारी त्या काळातली विणाईची गिरणी जगात आता एवढीच शिल्लक आहे. इंजिनाचं नाव पीस, म्हणजे शांती, ५०० हॉर्सपॉवरचं. शेडमध्ये ३०० च्या वर माग, दाटीवाटीने, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढीच वाट. गिरणी १९८२ मध्ये बंद पडली. माझे आजोबा ज्या संपात घरी बसले ते पुन्हा कधी गेलेच नाहीत, तोही १९८२ चाच. आता म्युझियम आहे, ठरावीक दिवशीच उघडतं, जायचं असेल तर आधी बघून जा.

दाखवणाऱ्या बाईंनी मोजकेच माग चालू केले. मोजकेच, तरी कानात दडे बसले, जमिनीतून पायात आवाज चढतो. ३०० चालत असतील तेव्हा काय होत असेल. म्हणून तर ह्या बायका ओठांनी बोलायच्या, त्याला मी-मॉइंग म्हणतात, आवाज न काढता प्रत्येक शब्द ओठांनी मोठा करून. दहा माग सोडून पलीकडची बाई ते वाचायची. मी मागे वळून बघितलं तर सासूबाई माझ्याकडे बघून तेच करत होत्या. त्या कधी गिरणीत गेल्या नाहीत, पण त्यांची आई घरात शेजारणीशी मुलांना कळू नये असं काही बोलायची तर असंच बोलायची, आणि लहानपणी त्या जिन्यावर बसून ते चोरून वाचायला शिकल्या होत्या.

इथल्या विणाईत बायकांना आणि पुरुषांना दर एकच होता, कापडाच्या हिशोबाने, १८९२ च्या युनिफॉर्म लिस्ट नावाच्या दरपत्रकाप्रमाणे. त्यामुळे नऊ बाळंतपणं काढलेली बाईही माग सोडत नव्हती, तिच्या पगारावर घर उभं होतं. बाईंनी अजून एक गोष्ट सांगितली ती ऐकून मी चपापले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ कापूस बंद झाला, लँकेशायर उपाशी मरायला लागलं, तेव्हा आपल्याकडचा कापूस इथे आणला. त्याला सगळे सुरतच म्हणायचे. आखूड धाग्याचा, सारखा तुटायचा, आणि पगार कापडावर म्हणजे तुटलं की पैसे गेले. विणकर देवाकडे मागायचे म्हणे, देवा कापूस पाठव पण सुरत नको. तिकडे त्याच कापसावर मुंबईत शेअर बाजार पेटला आणि १८६५ ला कोसळला. बारीक धाग्याचं एक टोक तिथे, एक टोक इथे, आणि दोन्हीकडे मरणारा तोच.

मग बाईंनी सासूबाईंच्या हातात धोटा दिला, म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड, हाताला गुळगुळीत. एका बाजूला बारीकसं भोक. कांडी बदलली की सूत त्या भोकातून बाहेर घ्यायचं, आणि ते घ्यायचं कसं, तर ओठ लावून ओढून. दिवसातून शेकडो वेळा. त्याला इथे किसिंग द शटल म्हणतात. त्याने दात जायचे, एकीचा रोग दुसरीला लागायचा, रुईचा कण न कण छातीत. सासूबाई म्हणाल्या, आईचे पुढचे दात मी कधी बघितलेच नाहीत.

मी धोटा हातात घेतला आणि माझ्या घशात दाटून आलं, ते त्यांना सांगायला मला जरा वेळ लागला. माझे पणजोबा साताऱ्याकडून मुंबईला आले ते गिरणीतच लागले. पण साचे खात्यात नाही. आमच्या गिरणगावात मागाला साचा म्हणतात, आणि साच्यावर पगार जास्त. पणजोबा महार. धोट्याचं सूत तोंडाने ओढायचं, म्हणजे महाराची थुंकी लागलेला धोटा पुढच्या पाळीला सवर्णाच्या तोंडाला लागणार, म्हणून आमच्या माणसांना साचे खात्यात पाऊलच ठेवू देत नव्हते. त्यांनी सूत कातणाऱ्या त्रासण खात्यात राहायचं, कमी पगारावर. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हे सगळ्यांसमोर मांडलं, नुसत्या मजुरांच्या एकीच्या गोष्टी करणाऱ्यांनाही विचारलं की ह्याचं काय. मी हे लहानपणापासून ऐकत आलेय, वाचलंय. पण ते भोक मी कधी बघितलं नव्हतं. एवढंसं आहे. तांदळाचा दाणा जाईल एवढं.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग धोटा परत घेतला, भोकावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, त्यांचं नाव काय होतं? पूर्ण नाव? कुठली गिरणी? जन्म कधीचा?

मला नाव येत होतं. गिरणी येत नव्हती, जन्मसाल तर नाहीच. सासूबाईंच्या पणजीचं वय, घराचा पत्ता, गेलेली मुलं, सगळं मला तोंडपाठ होतं आणि स्वतःच्या पणजोबांचं काहीच नव्हतं.

संध्याकाळी पाचला चिप्सच्या दुकानात बसून मी कल्याणला आत्याला फोन लावला, तिकडे साडेनऊ वाजले होते. आत्या आधी घाबरली, एवढ्या रात्री काय झालं म्हणून. मग म्हणाली थांब, आईच्या ट्रंकेत एक पितळी बिल्ला आहे त्यांचा, गिरणीत जाताना लावायचे तो, बघते. सासूबाई व्हिनेगर घातलेल्या चिप्स तशाच ठेवून माझ्या फोनकडे बघत होत्या. वीस मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, आत्याच्या तळहातावर काळा पडलेला गोल बिल्ला. नंबर स्पष्ट आहे. गिरणीचं नाव घासून घासून गेलंय, फक्त शेवटची दोन अक्षरं दिसतात. सासूबाईंनी पर्समधून भिंग काढलं.