माशा मारायला गेलो होतो

कुरिअरच्या पोरानं दोन फुटी गोल नळकांडं दारात उभं केलं आणि सहीसाठी मोबाइल पुढं करत विचारलं, "पडद्याचा दांडा हाय का सर?" मी म्हणालो, "गळ आहे." त्यानं नळकांड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि काही न बोलता जिना उतरला. नागपुरात माणूस काही न बोलता गेला की समजायचं, खाली जाऊन बोलणार.

तसा तो गळच, पण फ्लाय रॉड. या प्रकारात गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. आकड्याभोवती पिसं आणि दोरा गुंडाळून एक खोटी माशी करायची, ती पाण्यावर अलगद उतरवायची आणि माशाला फसवायचं. मराठीत याची सोय फार छान आहे. "रविवारी मासे मारायला जातो," असं मी सांगितलं की बायको शांतपणे दुरुस्त करते, "माशा मारायला." तिचंच बरोबर आहे. चार वर्षं झाली या नादाला. एवढ्या काळात घरात आलेले मासे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातला एक गोकुळपेठेच्या बाजारातून आला होता.

ही नवी काठी फायबरग्लासची, म्हणजे काचेच्या धाग्यांची. फायबर म्हटलं की नागपूरकराला आधी कूलर आठवतो. त्यामुळं कूलरच्या बॉडीसारखं काहीतरी जाडंभरडं, खरखरीत हातात येईल अशी मला धास्ती होती. निघाली ती पातळ चहाच्या रंगाची, खिडकीतल्या उन्हात धरली तर आतली पोकळी दिसेल इतकी नितळ. साडेसात फूट, एकात एक बसणारे चार तुकडे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, ९२ ग्रॅम भरली. टोपलीत मृग बहाराची संत्री होती, त्यातलं एक शेजारी ठेवून पाहिलं. ते १४० ग्रॅम. मी हा चमत्कार बायकोला दाखवला. "अहो, पण संत्रं खाता तरी येतं," ती म्हणाली.

आधीची माझी काठी कार्बनची आहे आणि तिच्याबद्दल तक्रार काही नाही. मग काच कशाला? खरं सांगायचं तर एका मित्राची पाच मिनिटं हातात घेतली होती, तेवढ्यानंच बिघडलो. कार्बनची काठी शेंड्याकडून वाकते आणि लगेच ताठ होते, बढतीवर डोळा ठेवून असलेल्या कारकुनासारखी. काच मुठीपर्यंत लवते आणि सरळ व्हायला तिला लागेल तितका वेळ घेते. ती लवली की तळहाताला कळतं.

फार पूर्वी या काठ्या बांबूच्या असत. चांगल्या काठीला दक्षिण चीनमधला टोंकिन बांबूच हवा. त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासून, चिकटवून षटकोनी काठी करत. १९५० मध्ये अमेरिकेनं चीनशी व्यापार तोडला आणि तिथल्या कारागिरांना बांबू मिळेना. तोवर आर्थर होवाल्ड नावाच्या तंत्रज्ञानं काचेचे धागे आणि रेझिन यांची काठी करून दाखवली होती. शेक्सपियर नावाच्या कंपनीनं (नाटकांशी संबंध नाही) ती १९४७ मध्ये विकायलाही काढली होती. मग पंचवीसेक वर्षं काचेचं राज्य. १९७३ च्या सुमारास कार्बन आला आणि काच माळ्यावर गेली. आता हौशी लोकांनी ती पुन्हा खाली काढली आहे. मार्च लागला की आपण कूलर काढतो, तशीच.

सरावाला घराजवळचं मैदान. साध्या गळात शिशाचं वजन उडतं आणि दोरी त्याच्या मागं जाते. इथं माशीला वजनच नसतं, म्हणून दोरी जड असते आणि तीच माशीला घेऊन जाते. माझ्या ३ नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट म्हणजे शंभर ग्रेन, साडेसहा ग्रॅम. अर्ध्या तोळ्याच्या थोडं वर. इतवारीच्या सराफ्यात एवढ्या वजनात चांगली अंगठी येते, हे मी बोलून गेलो आणि बायकोनं लक्षात ठेवलं.

तर हा अर्धा तोळा आधी डोक्यावरून मागं फेकायचा. तो मागं हवेत पुरता सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढं न्यायचं. घाई केली तर आसुडासारखा फटका वाजतो आणि माशी तुटून कुठं जाते ते देवाला ठाऊक. फार थांबलं तर दोरी मागच्या गवतात बसते. कार्बनबरोबर माझं थांबणं 'एक' म्हणण्याइतकं होतं. या बयेला 'एक... आणि...' लागतं, आणि त्या 'आणि'मध्ये काय करायचं हेच मला कळेना.

आकड्याच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधून तीन संध्याकाळी हे चाललं. संक्रांत होऊन दीड महिना उलटला होता, तरी क्रिकेट टाकून पोट्टे गोळा झाले. "काका, पतंग कुठी हाय?" रीलला त्यांनी परस्पर 'चक्री' करून टाकलं. मला ते इतकं पटलं की आता मीही चक्रीच म्हणतो. दोरी माझ्याच कानाभोवती गुंतली की मागून एका सुरात आरोळी यायची, "ओऽऽऽ काट!"

नागपूरला पाण्याची वाण नाही. भोसल्यांपासून इंग्रजांपर्यंत सगळ्यांनी तलाव बांधून ठेवले. गळ टाकायला जागा मात्र शोधावी लागते. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात, तिथं मासेमारी बंद. गोरेवाड्याचं पाणी पिण्याचं. गांधीसागराबद्दल न बोललेलं बरं. फुटाळ्यावर संध्याकाळी उभं राहिलो तर मागं तीस फूट मोकळी जागा सोडा, तीन फूटही नसते. मागच्या फेकीत कुणाच्या तरी हातचं भुट्टं आलं असतं. कामठीकडं, कन्हान, पेंच आणि कोलार एकत्र येतात त्या भागात मी जुनी काठी घेऊन दोनदा गेलो आहे आणि दोन्ही वेळा कपडे धुणाऱ्या बायांनी मला इतक्या काळजीनं पाहिलं की लवकर परतलो.

शेवटी रामटेक तालुक्यातला एक मामा तलाव ठरला. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव राहिले, आणि सरकारी कागदावरच्या आद्याक्षरांतून हे नातं जुळलं. या मामाचं नाव सांगत नाही, कारण मामा लहान आहे आणि तिथं एका वेळी एकच वेडा मावतो. तलाव गावच्या मच्छीमार संस्थेच्या ठेक्यावर. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, त्यांनी पैसे देऊन आणून सोडलेली, त्यामुळं विचारल्याशिवाय गळ टाकणं म्हणजे सरळ चोरी. विचारलं. अट ठरली की रोहू-कटला लागली तर जशीच्या तशी परत पाण्यात, तिलापिया किती का लागेना. आकड्याच्या टोकाचा उलटा काटा मी पकडीनं दाबून टाकतो, म्हणजे मासा फार जखम न होता सुटतो. हे त्यांना सांगितलं. "मंग पकडता कायले?" असं त्यांनी विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही.

माशा मी घरीच बांधतो. गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं, इतवारीतला रेशमी दोरा आणि मोरपिसाच्या दांडीचे बारीक तंतू. हा मोरपिसाचा तंतू म्हणजे कमाल चीज आहे. आकड्यावर तीन वेढे दिले की हिरवी-तांबूस झाक मारणारं किड्याचं पोट तयार. साहेबाच्या देशातल्या कितीतरी जुन्या माश्यांत हाच तंतू असतो, म्हणजे आपला मोर तिकडं केव्हाच पोचलेला. माझं पीस मात्र जन्माष्टमीचं, देवघरातलं. दर महिन्याला ते थोडं विरळ होतं आणि आई कृष्णाकडं बघून नुसता सुस्कारा सोडते.

मार्चचा पहिला रविवार. सहाला निघालो, साडेसातला तलावाच्या पाळीवर. पळस पेटला होता, खाली फुलांचा सडा आणि काठाच्या पाण्यातही फुलं. पाळीवर एक म्हातारे धीवर जाळं सांधत बसले होते. गावात सगळे त्यांना बाबाजी म्हणतात, मीही म्हणतो. चार तुकडे जोडून होईपर्यंत ते गप्प होते.

"आमिष कुठी हाय?"

मी डबीतली माशी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, नखानं उलटी केली.

"हे तं मोरपीस होय."

"हो."

"अन् मासोई हे खाते?"

"कधी कधी."

"उपाशी असंल तं खाईन," असा निकाल देऊन ते जाळ्याकडं वळले.

पहिल्या दोन फेकींत दोन माशा तुटल्या. फट्, फट्. तिसरी मागच्या पळसात. पळसाला पानं तीनच, असं आपण म्हणतो. मार्चात तीही नसतात, नुसत्या फुलांनी लगडलेल्या काळ्या फांद्या, आणि तरी माशी अडकतेच. मी फांदी ओढून ती सोडवत असताना बाबाजी मागून म्हणाले, "मांगं जाऊ द्या ना तिले. तुमी तिले मांगं पोचूच देऊन नाही राहिले. गोफण मारली का कधी?"

मारली होती. काटोलकडं आजोबांच्या शेतात, ज्वारीवरची पाखरं हाकलायला माळ्यावर बसून. माझा दगड नेहमी मागंच पडायचा आणि एकदा तो आजोबांच्या न्याहारीत पडला. हे बाबाजींना सांगितलं नाही.

पुन्हा उभा राहिलो. दोरी मागं टाकली आणि मान वळवून चक्क तिच्याकडं बघत राहिलो. आधी तिचा एक फास झाला, फास मागं सरकत गेला, उलगडला. मग मुठीत एक हलकीशी ओढ जाणवली, बोट धरलेल्या लहान पोरानं ओढावं तितकीच. काठी मुठीपर्यंत लवलेली होती. मी हात पुढं केला, म्हणजे फार काही केलंच नाही, बाकीचं तिनं केलं. दोरी डोक्यावरून पुढं गेली, पाण्यावर आडवी झाली आणि सगळ्यात शेवटी माशी टेकली. पळसाचं फूल पडतं त्याहून कमी आवाज. वेड्या राघूंची एक जोडी तारेवर बसून खऱ्या माशा टिपत होती, त्यातल्या एकानं मान वाकडी करून पाहिलं.

काठालगत हातभर पाण्यात जेवणाच्या ताटाएवढे गोल खड्डे दिसत होते. ती तिलापियाची घरं. ही मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणली आणि मग कुणाला न विचारता सगळीकडं झाली. नर तोंडानं खड्डा कोरतो आणि त्यावर पहारा देतो. मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहते. नर मात्र खड्ड्यात आलेल्या कशावरही धावून जातो, काडी असो, पान असो, कृष्णाचं मोरपीस असो. माझी माशी हळूहळू बुडत खड्ड्याच्या कडेवर आली तेव्हा त्याला भूक नव्हती. त्याला राग आला होता.

काठी वाकली. मासा तो केवढा? वीतभर. पण या काठीवर तो एखाद्या महसीरासारखा ओढत होता, मुठीखालचं लाकूड थरथरत होतं आणि काठीची पार कमान झाली होती. कार्बनवर असता तर दोन ओढींत काठावर आला असता. बाबाजी जाळं बाजूला ठेवून उठलेच. "एवढ्याशा मासोईले एवढी कमान!" यात कौतुक किती आणि चेष्टा किती, ते अजून ठरवता आलेलं नाही.

नर काळाकुट्ट होता, गळ्याशी पांढरा, परांच्या कडा तांबड्या, पाठीवरचे काटे उभारलेले. मी सवयीनं त्याला सोडायला वाकलो. बाबाजींनी मनगट धरलं. "तिलापी सोडतेत का भाऊ? दुसऱ्याचे पिल्लं खाते ते." मासा त्यांच्या थैलीत गेला. मग त्यांनी धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "द्या मंग."

त्यांनी आधी काठी नुसती हलवून पाहिली. दोनदा, तीनदा. उन्हात धरून आरपार पाहिली. पहिली फेक पायाशी पडली, दुसरी जरा वाकडी. तिसऱ्या वेळी दोरी मागं गेली आणि बाबाजी थांबले. मान वळवून त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. साठ वर्षं ओलं जाळं फेकणाऱ्या त्या खांद्याला कधी निघायचं ते ठाऊक होतं. दोरी पुढं आली ती थेट तिसऱ्या खड्ड्यावर.

"मस्त हाय हो काडी," ते पाण्याकडंच बघत म्हणाले. परत द्यायचं नाव नाही.

मी पाळीवर पळसाच्या विरळ सावलीत बसलो आणि पिशवीतलं संत्रं सोललं. दहाच्या सुमारास थैलीत पाच तिलापिया झाल्या होत्या आणि बाबाजी विचारत होते, "भाऊ, दुसरी माशी हाय का? हिचं मोरपीस झडलं." मी डबी नेऊन दिली आणि परत जागेवर येऊन बसलो. संत्र्याच्या सालींवर एव्हाना बऱ्याच जमल्या होत्या. टोपीनं त्या मारत बसलो.