पत्र्याची खिटी

मे महिन्यातली दुपार, मुलुंडला बिल्डिंगखाली उन्हात उभी असलेली गाडी उघडली, ग्लोव्हबॉक्सचं हँडल ओढलं आणि ते टक करून हातातच आलं. मागची बोटाच्या पेराएवढी खिटी तुटलेली. सर्व्हिस सेंटरवाला म्हणे खिटी वेगळी येत नाही सर, अख्खं झाकण घ्यावं लागेल, आणि झाकणाचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. स्लायडिंग खिडकीच्या कामातून उरलेली अॅल्युमिनियमची पट्टी माळ्यावर होतीच. तुमच्याही माळ्यावर असणार, उगाच नाही म्हणू नका.

चिकटवून बघायचा टप्पा मी हल्ली घेतच नाही. गाडीच्या आतलं बरंचसं प्लॅस्टिक एबीएस नावाच्या जातीचं, त्यात रबराच्या जातीचा एक घटक असतो जो तडा पुढे सरकू देत नाही, आणि ऊन खाऊन खाऊन नेमका तोच आधी मरतो, मग उरतं ते पापडासारखं, एका ठिकाणी जोडलं की शेजारी मोडतं. पोरगा म्हणाला थ्रीडी प्रिंट करून आणतो, दोन तासांचं काम. म्हटलं कशात, तर पीएलए, प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक. अरे ते ६० अंशाच्या आसपास नरम पडतं, मेमधल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या वर जातो. दुसरंही मटेरियल असतं बाबा, म्हणाला. असेल. पण मला कानस चालवायची होती हे त्याला कसं सांगणार.

खिडकीची पट्टी कडक असते, काटकोनात वाकवायला गेलं की चिरते. त्यावर धुण्याचा साबण घासायचा आणि गॅसवर धरायची, साबण काळा पडला म्हणजे पट्टी मऊ झाली, लगेच बाजूला. अॅल्युमिनियम लोखंडासारखं लालबुंद होऊन इशारा देत नाही, ६६० अंशाला थेट खाली ओघळतं, म्हणून साबण. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, बोलली काही नाही, फक्त दुधाचं पातेलं उचलून घेऊन गेली.

आणि स्क्रू. स्टीलचा स्क्रू थेट अॅल्युमिनियमवर बसवला की आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत त्याच्याभोवती पांढरी भुकटी जमते, पट्टी तिथेच खाल्ली जाते. मध्ये नायलॉनचा वॉशर टाकायचा. आतून जुन्या मखमलीचा तुकडा, नाहीतर घाटकोपर येईपर्यंत खडखड ऐकत बसा. पॉलिश मात्र मी करत नाही, कानशीचे ओरखडे दिसायलाच पाहिजेत. का ते विचारू नका. काही लोक असल्या पार्टला वरून काळा स्प्रे मारतात, कंपनीचाच वाटावा म्हणून, त्यांच्याशी माझं जमत नाही.

एअरबॅगच्या वाटेत मात्र धातूचं काही म्हणजे काही लावायचं नाही. ती बॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, तेव्हा समोरची पट्टी कुठे जाईल ते बघायलाही वेळ नसतो. खिटी गुडघ्यासमोर असते म्हणून तिच्याही सगळ्या कडा गोल केल्या.

काका चालवायचा त्या फियाटमध्ये उलटंच होतं, डॅशबोर्डच पत्र्याचा. नाव प्रीमियर पद्मिनी, पण तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मी परळला तरी बघितला नाही. काका मिलमध्ये फिटर, १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला, सगळे म्हणाले महिन्या-दोन महिन्यांत मिटेल, आणि मग काका रात्रपाळीला दुसऱ्याची टॅक्सी चालवायला लागला. तेव्हा काही टॅक्सीत काच फिरवायचं हँडल एकच असायचं, पाऊस आला की ड्रायव्हर ते मागे द्यायचा, आपलं झालं की परत पुढे. काकाला ते सहन होईना. हँडल जुन्या बाजारातून मिळायची पण त्यावरची प्लॅस्टिकची मूठ गेलेली असायची, मग तो नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून मुठीसाठी पितळेचा रॉड आणायचा. चाळीत लेथ कुठला, हाताने फिरवायचं ड्रिल गॅलरीच्या कठड्याला बांधायचा, त्याच्या जबड्यात, म्हणजे चकमध्ये, रॉड पकडायचा, मी गरागरा फिरवायचो आणि तो कानस धरायचा. दंड भरून आले तरी सांगायची सोय नाही. पितळेचा कीस अनवाणी पायात घुसायचा, शेजारच्या काकू ओरडायच्या, अहो भाऊजी पोरांचे पाय बघा जरा, आणि काका मान वर न करता म्हणायचा, हळू फिरव रे, गरम होतंय.

त्याची स्वतःची टॅक्सी कधीच झाली नाही. मुठी सगळ्या दुसऱ्यांच्याच गाड्यांत. मालकाने कधी पैसे दिले असतील असं वाटत नाही, काकाने मागितलेही नसतील.

२०२३च्या ऑक्टोबरात शेवटच्या फियाट टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली, त्याच्या खूप आधी त्याने चालवलेल्या गाड्या कुर्ल्याला तोडल्या गेल्या असणार. फियाट बनायचीही कुर्ल्यातच. पण पितळ कोणी पत्र्याबरोबर टाकत नाही, भंगारवाल्याने पान्याने काढून वेगळं तोललं असेल. भाव चांगला येतो.